मार्दीकाकांची काठी

या, जरा जवळ सरका. मोठ्यानं सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

देवाला स्मरून सांगतो, यातला एक शब्द पदरचा नाही. घडली ती इंडोनेशियातल्या जावा बेटावर, लावू पर्वतावर. गुरुवारच्या तिन्हीसांजेला. ज्याच्यासोबत घडली तो गालिह माझा सख्खा आतेभाऊ.

गालिहनं सोलो शहरातल्या विमा कचेरीची नोकरी सोडली होती. डोंगर चढायचे, व्हिडिओ टाकायचे, हाच उद्योग. सोडली तर सोडली, कुणाची हरकत नव्हती. पण तोंड असं सुटलं, जणू हा एकटाच तरला आणि बाकीचे सगळे खुर्चीत बुडाले.

अरे, दोन डोंगर चढलास. वैकुंठ नाही गाठलंस.

कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मार्दीकाकांना तो गोगलगाय म्हणायचा. याची अर्धवट टाकलेली कामं मुकाट्यानं पुरी करणारा तो माणूस. काका बोलण्याआधी हलकंसं खोकायचे.

"माफ करा... एकदा मलाही न्याल का डोंगरावर, साहेब?"

"नेतो की," गालिह हसत म्हणाला होता.

काकांनी ते खरं धरलं. नवे बूट घेतले. टेबलाखाली ठेवले.

निघायचा दिवस ठरला, आणि यानं काकांना कळवलंच नाही. "म्हातारा ओझं होईल," म्हणाला.

त्यामुळे पायथ्याशी उरले तिघंच. गालिह, त्याचा मित्र तेगुह आणि तेगुहची बायको रुक्मी.

"तिघांनी लावू चढू नये, विषम आकडा अशुभ. जोड पुरी पाहिजे," तेगुह म्हणाला. त्यानं झाडाखालची एक काठी उचलली. "हा आपला चौथा. नाव दे याला. आणि ऐक, माणूस म्हणून वर नेला की माणूस म्हणूनच खाली आणायचा."

"मार्दीकाका," गालिह चटकन म्हणाला. कचेरीच्या ओळखपत्राची जुनी फीत खिशात होती, ती काठीला बांधली. "चला काका. हजेरी लागली तुमची."

"वडीलधाऱ्याची अशी थट्टा करू नये, भाऊजी," रुक्मी म्हणाली.

"थट्टा कसली? नेतोय ना त्यांना?"

वाटभर हेच. "दमलात का काका? रजेचा अर्ज आणू?"

दिवस कलताना ते मुक्कामाच्या माळावर पोचले. धुकं उतरलं. पाखरं एकाएकी गप्प झाली.

दगडांची चूल मांडली, पण लाकडं ओली. जाळ धरेना.

रुक्मीनं थर्मासमधला चहा पेल्यात ओतला आणि काठीपुढे ठेवला.

तेवढ्यात मागून...

कुणीतरी हलकंसं खोकलं.

तेगुहनं रुक्मीकडे पाहिलं. रुक्मीनं गालिहकडे.

गालिहचा चेहरा उतरला. पण भीती कबूल करणारा तो नव्हे. त्यानं काठी उचलली, गुडघ्यावर मोडली.

"नको रे..." तेगुह ओरडला.

"इथवर आलात ना काका? आता कायमची सुट्टी." आणि तुकडे चुलीत घातले.

जाळ भडकन पेटला. ओली लाकडंसुद्धा.

मग धुक्यातून...

करकर. करकर.

नव्या बुटांचा आवाज. चुलीपाशी येऊन थांबला.

"माफ करा..." अगदी जवळून. "इथून खाली कसं जायचं, साहेब?"

समोर कुणीच नव्हतं.

चहाचा पेला रिकामा होता.

उजाडताच तिघं उतरले. पायथ्याला फोन लागू लागला, आणि गालिहचा फोन वाजतच राहिला. मार्दीकाकू होत्या.

"घरी आले नाहीत रे हे. तुझ्याबरोबर आहेत ना? कचेरीचा पहारेकरी म्हणतो, काल तिन्हीसांजेला बूट घालून खाली धावले. इतका आनंद, की पाकीटही टेबलावरच राहिलं. म्हणाले, गालिहसाहेब फाटकातून हाक मारतायत."

फाटकात कुणीच नव्हतं, हेही त्यांनीच सांगितलं.

लावू पिंजून काढला. काका सापडले नाहीत.

गालिह आता स्वतःला मोकळा म्हणवत नाही. व्हिडिओही नाहीत. दर गुरुवारी नवी काठी घेऊन वर जातो. माळावर उभा राहून म्हणतो, "काका, चुकलो. चला घरी."

एकदा मीही गेलो होतो. खोटं कशाला बोलू, त्याच्याबद्दल तिरस्कारच होता मनात. बघू याचं नाटक, म्हणून गेलो.

त्यानं हाक मारली.

आणि मागून...

करकर. करकर.

आम्ही चालू लागलो. पावलं त्या जुन्या राखेपर्यंत आली. पुढे पडली नाहीत. गालिह मागे वळून वळून विनवत होता. मी वळलो नाही. अजूनही चालताना मागे बूट वाजले की मी न वळता पाय उचलतो.

काकू रोज एक ताट झाकून ठेवतात.

तेव्हा एवढं करा. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा मार्दीकाकांची आठवण काढा. त्यांना खालची वाट सापडू दे म्हणा.

फक्त मनातल्या मनात म्हणा. हाक मारल्यासारखं त्यांचं नाव घेऊ नका.