आइखेनराउची अर्धी ढाल

तुमच्यापैकी किती जणांना आपल्या पणजोबांचे नाव ठाऊक आहे? एला, तो फोन खाली ठेव.

“आजोबा, मी फॅमिली ट्रीच्या ॲपवर बघतेय!”

तेच अरीने केले होते. म्हणून सांगतो.

अरी हसकेल पेणकर, हाउन्सलोचा. त्याचे वडील हसकेल माझे मित्र. पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवून देवाचा दिवस पाळीत. अरीला त्यांची लाज वाटे. त्याने आइखेनराउ नावाचे एक जर्मन राजघराणे शोधून काढले. त्या घराण्याने पाचशे वर्षे राज्य केले. शेवटचा ड्यूक निपुत्रिक वारला. तिकडची रीत अशी, की वंशातला शेवटचा पुरुष गेला म्हणजे घराण्याची ढाल मोडायची. अर्धी ढाल ड्यूकबरोबर पुरली, अर्धी कुणा नातलगाने या देशात आणली. अरीने वंशावळीतून वडिलांचे नाव पुसले आणि स्वतःला त्या निपुत्रिकाचा वंशज लिहिले.

गेल्या साली, तेवीस नोव्हेंबर, रविवार. विकत घेतलेली ती अर्धी ढाल आणायला तो कार्डिफला गेला. त्याच संध्याकाळी सातला हसकेलची पुण्यतिथी होती. आम्हां ज्यूंच्या स्मरणप्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आम्ही नऊ जमलो होतो. अरीच्या बहिणीने, हदासाने, आमच्यासमोर फोन लावला.

“अरी, दहावा तू आहेस. कुठे पोचलास?”

“आत्ता ढाल डिकीत ठेवली, ताई. थोडं वेट करा ना. बाबा कुठे पळून जातायत?”

हे मी माझ्या कानांनी ऐकले. पुढचे त्याने सांगितले.

सेव्हर्नचा पूल मागे पडला. काळोख होता. अचानक गाडीत घंटी वाजू लागली. मागच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसले, की वाजते ती. मागे कुणी नव्हते. त्याने गाडी थांबवली. सीटवर हात फिरवला. गार. ओलसर...

निघाला. पुन्हा घंटी.

मग... खट्. पट्टा लागला.

घंटी थांबली.

“कुणाचा तू?”

भाषा कोणती, हे त्याला आजही सांगता येत नाही. प्रश्न कळला.

त्याने वेग वाढवला...

“कुणाचा तू?”

“आइखेनराउचा.”

मागे कुणीतरी सावकाश श्वास सोडला. जणू फार दिवस रोखून धरलेला...

पावणेदहाला तो पोचला. आम्ही बसूनच होतो. दिवा तेवत होता. मी म्हणालो, “मृताचे नाव मुलाने घ्यायचे. घे.”

तो उभा राहिला. ओठ हलले.

...

“अरी, बाबांचं नाव घे रे!” हदासा रडत म्हणाली.

...

मी त्याच्या हातून किल्ली घेतली. गाडीची डिकी उघडली. आत ढाल होती. अखंड. मधल्या सांध्यात ओली माती.

त्याने ढाल परत केली, खोटी वंशावळ पुसून टाकली. डॉक्टरांनाही दाखवून झाले. तो बाकी सारे बोलतो. फॉर्मवर वडिलांच्या नावाशी आला, की त्याचा हातही थांबतो.

यंदाच्या पुण्यतिथीला तो सर्वांआधी येऊन बसला. दहा भरले. तो उभाही राहिला. नाव मात्र मला घ्यावे लागले.