मागाला ठोकलेला जाला

"मॅडम, चोर घरातच हाय. तुम्ही फक्त येऊन घेऊन जा."

कमरोद्दीनचाचांच्या फोनमध्ये तक्रार कमी आणि निकालच जास्त होता. सायबर ठाण्याच्या फौजदार मृण्मयीला अशा आयत्या निकालांचं भारी वावडं. ती उस्मानपुऱ्यात पोहोचली तेव्हा चाचांच्या घराला लागूनच असलेल्या हिमरू शाली विणायच्या कारखान्याच्या पायरीवर एक बॅग तोंड वासून पडली होती. कपडे इतस्ततः. शेजारी चाचांचा पुतण्या जुनेद मान खाली घालून बसला होता. फुलंब्रीहून काम शिकायला आलेला हा तरुण चाचांच्या घरचाच झाला होता. आज सकाळी त्याच घरातून चाचांनी त्याला बाहेर काढलं होतं.

"काय गेलंय, चाचा?"

"सगळ्या नक्ष्या. बाप-दाद्यांच्या. कागद कसरीनं खाल्ले म्हणून कॉम्प्युटरवर काढून ठेवल्या. आज उघडलं तर पाटी कोरी! अन् ह्याच्या बॅगेत हे निघालं." चाचांनी एक पेन ड्राइव्ह पुढे केला.

नक्ष्यांचा प्रोग्राम लिहिणारा मिहिर आत बसला होता. विचारायच्या आधीच तो बोलू लागला, आणि तिथंच मृण्मयीनं कान टवकारले.

"काल संध्याकाळी मी नवी आवृत्ती टाकली, मॅडम. त्याआधी फोल्डर उघडून बघितलं. सगळ्या फाइली प्रोग्रामच्या शेजारीच होत्या. डोळ्यांनी पाहिल्या मी! मी गेल्यावर कुणीतरी त्या उडवल्या."

"फाइली नेहमी प्रोग्रामच्या शेजारीच ठेवता?"

"हो. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. तिथं कधी अडचण आली नाही."

"इथं तर विंडोज दिसतंय."

"माझा प्रोग्राम दोन्हीकडे चालतो," मिहिर छाती फुगवून म्हणाला.

"आणि चाचा कॉम्प्युटर कुठल्या खात्यातून उघडतात?"

"साध्या. मीच बनवून दिलंय, चुकून काही बिघडायला नको म्हणून."

मृण्मयीनं मान डोलावली आणि ती बाहेर पायरीशी आली. चाचाही मागोमाग आले.

"जुनेद, पेन ड्राइव्हवर काय घेतलंस?"

"प्रोग्रामचं फोल्डर. अख्खं."

"कधी?"

"काल दुपारी. मिहिरभाई यायच्या आधी."

"विकायला?"

जुनेदनं पहिल्यांदा वर पाहिलं. "मॅडम, माग बदलायचा असला की आधी जाला उतरवून घरात टांगायचा, ही आमची रीत हाय. नवीन प्रोग्राम येणार म्हणले, म्हणून मी उतरवून घेतलं."

जाला म्हणजे दोऱ्यांत बांधलेली नक्षी. माग मोडला तरी जाला दुसऱ्या मागावर चढतो.

"त्यानंतर कुणी नक्षी उघडली होती?"

"व्हय, मीच," चाचा पुटपुटले. "ह्यालाच दाखवली. सगळ्या होत्या तवा."

मृण्मयीनं आपल्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह उघडला. प्रोग्राम होता. नक्षी एकही नव्हती.

"बघा! पुसल्या त्यानं!" मिहिर दारातून ओरडला.

"की त्या फोल्डरात नव्हत्याच?" मृण्मयी आत जाऊन चाचांच्या कॉम्प्युटरपुढे बसली. चाचांच्या खात्यातला एक लपवलेला कोपरा तिनं उघडला. पडदा फाइलींनी भरून गेला. अगदी पहिल्या नक्षीपासून, जुन्या तारखांसकट. चाचांच्या तोंडून "या अल्ला" निघालं.

"विंडोज साध्या खात्याला प्रोग्रामच्या फोल्डरात लिहू देत नाही," मृण्मयी सांगू लागली. "पण जुन्या धाटणीच्या प्रोग्रामला तोंडावर नाही म्हणत नाही. फाइल गुपचूप त्या माणसाच्या खात्यात ठेवतं. प्रोग्रामला वाटतं, आपल्या शेजारीच आहे. काल टाकलेल्या नव्या धाटणीच्या आवृत्तीला ही सवलत नाही. तिनं शेजारी पाहिलं, तर रिकामं."

"मग ठेवायच्या कुठं?" चाचांनी विचारलं.

"विंडोज असो की लिनक्स, प्रत्येक माणसाच्या खात्यात त्याच्या सामानाची जागा नेमलेली असते. प्रोग्रामनं ती विचारून घ्यायची, तिथंच ठेवायचं. ह्यांनी जाला मागालाच ठोकायला घेतला." ती मिहिरकडे वळली. "त्या फोल्डरात नक्ष्या कधी नव्हत्याच, तर काल तुम्ही डोळ्यांनी पाहिल्या त्या कुठल्या?"

मिहिर चाचांकडे न बघता बोलला.

"नवी आवृत्ती उघडली, रिकामी दिसली. वाटलं, माझ्याच हातून पुसल्या गेल्या. चाचांना काय तोंड दाखवणार होतो?"

"म्हणून जुनेदचं तोंड काळं केलंत. खोटी माहिती दिल्याचा जबाब आता ठाण्यात द्या. चला."

चाचा पायरीवर आले. कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी जुनेदपुढे धरला. जुनेदनं हात पुढे केला नाही.

"चाचा, पेन ड्राइव्ह उघडून बघायच्या आधी तुम्ही माझी बॅग उघडली."

चाचा गुडघे धरत खाली बसले. रस्त्यावरची माणसं बघत होती, तरी एकेक कपडा झटकून, घडी घालून त्यांनी बॅगेत ठेवला. चेन लावली. मग बॅग उचलून घरात नेली आणि ती पुन्हा आपल्या खाटेशेजारी, तिच्या नेहमीच्या जागी ठेवली.