वाल्मीकचं फिरतं टेबल

कामतघरच्या चाळीत वाल्मीकची खोली शेवटची. तिच्या पुढच्या पत्र्याच्या पडवीत त्याने सुतारकाम मांडलं होतं. पेशाने तो फखरुद्दीन शेठच्या यंत्रमागाच्या कारखान्यात लूमचा फिटर. पण शुक्रवारी लूम बंद असले की त्याचे हात शिवशिवायचे. त्र्याण्णव साली त्याने गोल करवत बसवलेलं टेबल करायला घेतलं, तेही चाकांचं. काम असेल तेव्हा पडवीच्या मधोमध, एरवी कोपऱ्यात.

चार शुक्रवार त्यात गेले. सागवानी चौकट, खाली मोटर, वरच्या फटीतून डोकावणारं पातं. कापडाचे तागे वाहायच्या मोडक्या गाडीची चाकं शेठने हसत दिली. प्रत्येक चाकाला वाल्मीकने लोखंडी खिट्टी केली. खिट्टी लावली की टेबल हलायचं नाही.

पण ते हललं.

चहा पिऊन तो बाहेर आला, तर टेबल दोन बोटं सरकलेलं. त्याने वर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. खिट्ट्या चारही लागलेल्या. त्याने फरशीवर पेन्सिलने खुणा केल्या. पुढच्या शुक्रवारी टेबल खुणा सोडून चार बोटं गेलं. दर वेळी एकाच बाजूला, तो उभा राहायचा त्या जागेपासून लांब.

"माहेरी निघालं असेल," त्याची बायको शैला म्हणाली. तिचं माहेर त्याच दिशेला, पूर्णेला. "मलाही बसवून ने म्हणावं."

शेठ मुद्दाम बघायला आला. चांगला दणकट माणूस. ढकलून ढकलून घामाघूम झाला. टेबल तसूभर सरकलं नाही.

"वाल्मीक, ये तो मुझसे भी भारी है," तो म्हणाला आणि तिघंही हसत सुटली.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी वाल्मीक मंदासाठी, त्याच्या लेकीसाठी, अभ्यासाचं मेज करत होता. फळी कापताना पात्यापुढे लाकडातली गाठ आली. फळी उसळली आणि फळी रेटणारा उजवा हात सगळ्या जोरानिशी पात्यावर गेला.

त्याने डोळे मिटले.

उघडले तेव्हा हात हवेत होता. टेबल वीतभर मागे गेलं होतं. पातं तिकडे लांब फिरत होतं.

त्याने मोटर बंद केली, बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि खाली बसून हसायलाच लागला. आवाज ऐकून शैला धावत आली. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला, रागवायचं विसरली.

"शिरा करते," एवढंच म्हणून ती डोळे पुसत आत गेली.

वाल्मीक वाकला. खिट्ट्या लागलेल्याच होत्या. चाकं फिरली नव्हती, भुशातून फरफटत गेली होती.

टेबलाच्या पलीकडे, भुशात, दोन अनवाणी पावलं उमटली होती. बोटं टेबलाकडे. टाचा खोल रुतलेल्या, जीव खाऊन काही ओढावं तशा.

तिथवर येणारी पावलं नव्हती. जाणारीही नव्हती.

उन्हाच्या तिरिपेत बारीक भुसा अजून तरंगत खाली येत होता. चाकांवर बसत होता, वाल्मीकच्या केसांवर बसत होता.

त्या दोन पावलांत मात्र बसत नव्हता.