बडेसाबांचं चालू काम

हे घडलेलं आहे. यात पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. सोलापूर, अक्कलकोट रस्त्याला लागून असलेल्या गल्लीतलं दोन खोल्यांचं घर. रात्र नव्हती. दुपारचा एक वाजला होता, ऊन बेचाळीस अंशांवर होतं.

आरजूचे अब्बा, बडेसाब, चादरींची नक्षी काढायचे. आधी चौकटीच्या कागदावर, मग बारा वर्षं कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा. अब्बांना जाऊन चाळीस दिवस झाले होते. कारखान्याचा माणूस, प्रभु, चार वाजता ते मशीन न्यायला येणार होता.

त्याआधी आरजूला एकच गोष्ट हवी होती. अब्बांची शेवटची नक्षी.

तिनं फाइल उघडली. काठ पूर्ण होता. मधला मोर मात्र मानेपर्यंतच.

पण शेवटच्या फोनवर अब्बा म्हणाले होते, मोर झाला, आता पिसारा राहिलाय. म्हणजे पुढचं काम त्यांनी साठवलंच नव्हतं. ते मशीनच्या मेमरीत तेवढं असणार. मशीन बंद केलं की तेही गेलं.

अम्मीनं चाळीस दिवस मशीनला हात लावला नव्हता. वीज गेली तरी इन्व्हर्टरवर ते चालूच होतं. पण न साठवलेलं ते काम पडद्यावर कुठंच उघडं दिसत नव्हतं.

पुण्यात आरजूची नोकरीच दुसऱ्यांची मशीनं सांभाळायची. तिनं काळी खिडकी उघडली, एक छोटी आज्ञा टाइप केली. यादी आली. कुठलं काम चालू आहे, कुणाच्या नावावर, ते किती मेमरी खातंय, प्रोसेसर किती राबतोय. दर तीन सेकंदांनी आकडे बदलत होते.

सगळ्यात वर अब्बांचं नाव होतं.

नक्षीचं सॉफ्टवेअर. प्रोसेसर… चाळीस टक्के.

नुसतं उघडं पडलेलं काम इतकं राबत नाही. कुणीतरी रेघा ओढत असेल, तरच.

कीबोर्डवर धूळ होती.

मग तिचं लक्ष त्याच ओळीतल्या एका अक्षराकडे गेलं. झेड. ते अक्षर दिसलं की समजायचं, हे काम मेलेलं आहे. ज्यानं ते सुरू केलं त्यानं अजून दखल घेतलेली नाही, म्हणून नाव तेवढं यादीत उरलंय. मेलेलं काम मेमरी खात नाही. राबत तर नाहीच.

त्रेचाळीस टक्के… सेहेचाळीस…

दीड वाजता मशिदीत जोहरची नमाज उभी राहिली.

आकडा शून्यावर आला.

वीस मिनिटं शून्य. मग चपलांचे आवाज गल्लीतून परतले आणि… चाळीस.

मोराचा विचारही न करता आरजूनं ते काम थांबवायची आज्ञा दिली. आधी विनंतीवजा, मग जबरदस्तीची. ओळ हलली नाही. मेलेल्याला मारता येत नाही, हे ती नव्या पोरांना स्वतःच शिकवायची. अशा वेळी ते सुरू कुणी केलं, ते शोधायचं.

तिनं शोधलं.

तीच होती.

अब्बा गेले त्या दुपारी त्यांनी फोन केला होता. "मशीन लई जड चाललंय, आरजू. बघ की जरा." तिनं पुण्याहून नेटवरून या मशीनला जोडणी केली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करून दिलं. तासाभरानं त्यांचा तो शेवटचा फोन आला, मोर झाला म्हणून. मीटिंग होती. नंतर बघते म्हणाली. संध्याकाळी अम्मीला ते खुर्चीत सापडले.

नंतर तिनं बघितलंच नव्हतं. तिचा लॅपटॉप तर कधीच बंद झाला होता. तरी पुण्याहून केलेली ती जोडणी इथं अजून उघडी होती.

ती तोडली की हे काम सुटणार. आणि मेमरीतला मोरही जाणार.

नाही तोडली, तर चार वाजता प्रभु वायर काढणार.

ती नुसती बसून राहिली. मेमरीचा आकडा मुंगीच्या पावलानं वाढत होता. पिसारा भरत असेल का? चारच्या आत होईल का? तिला झोप आल्यासारखं झालं होतं. चाळीस दिवसांत ती धड झोपली नव्हती.

साडेतीनला अम्मी पाण्याचा तांब्या घेऊन आली. पडद्याकडे तिनं पाहिलंही नाही. तिला वाचता येत नाही, आणि आरजूनं तिला यातलं काही सांगितलं नव्हतं.

"किती वेळ बसवून ठेवशील गं त्यांना?" अम्मी म्हणाली. "दमलेत. उठू दे की."

तांब्या ठेवून ती आत गेली.

आरजूनं जोडणी तोडली.

ओळ गेली. मेमरी मोकळी झाली. मशीनच्या पंख्याचा आवाज हळूहळू उतरला…

तिनं फाइल पुन्हा उघडून पाहिली. मोर मानेपर्यंतच होता.

तिनं मशीन बंद केलं.

प्रभु चारला आला. कॉम्प्युटरचा डबा उचलायला त्यानं दोन्ही हात लावले आणि तसाच थांबला.

"ताई, फोनवर चालूच हाय म्हनला न्हवं तुमी?"

आरजूनं मान हलवली.

"हे तर गार हाय की. लई दिवसाचं बंद असल्यागत."

त्या दुपारी घरातली खाट, भांडी, भिंती, सगळं तापलेलं होतं. आरजूनं डब्यावर तळहात ठेवला.

इतकं गार तिनं त्याआधी एकदाच काही शिवलं होतं. चाळीस दिवसांपूर्वी, पुण्याहून पोचल्यावर.

अम्मीला त्या दुपारी नेमकं काय दिसलं, हे आरजूनं अजून विचारलेलं नाही. विचारायला ती दोनदा सोलापूरला जाऊन आली. दोन्ही वेळा अम्मी त्या रिकाम्या टेबलाशी, खुर्चीला पाठ न लावता बसलेली होती, अब्बा नक्षी काढताना बसायचे तशी.