पिशवीभर संत्री

वळणावर एक आजी रस्त्याच्या मधोमध आली आणि तिनं हात आडवा केला. म्हणून दोन्ही सायकली थांबल्या.

एरवी सोइची थांबला नसता. जपानच्या शिकोकू बेटावरच्या त्या चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा निघणं कठीण. तंबू, भांडी, अंथरूण असा सगळा संसार मागच्या चाकावर लादलेला. कानाएच्या सायकलवरही तेवढंच ओझं होतं, पण ती गुणगुणत चढत होती.

"यात्रेकरू ना?" आजीनं विचारलं.

"नाही हो आजी, नुसतेच भटके," कानाए म्हणाली.

"या वाटेनं जातो तो यात्रेकरूच." आजीनं बांधावरची टोपली पुढे केली. संत्री... पानांसकट, दव सुकायचं होतं. "घ्या. सेवा आहे माझी."

देवळांच्या त्या वाटेवर कुणी प्रेमानं दिलेलं नाकारायचं नसतं, टाकायचं तर नसतंच. पण ठेवायचं कुठे? शेवटी कानाएनं सायकलची घडीची पिशवी काढली. आगगाडीत सायकल न्यायची तर चाकं खोलून, अशा पिशवीत घालूनच नेता येते, आणि संध्याकाळी तिला तेच करायचं होतं. पिशवी संत्र्यांनी फुगली आणि सोइचीच्या बोचक्यावर बसली.

"नवरा-बायको शोभता हो," आजी म्हणाली.

"नाही, नाही!" सोइची म्हणाला. दोनदा, आणि फार घाईनं.

कानाएनं हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

पुढचा चढ ती न गुणगुणता चढली. संध्याकाळच्या गाडीनं ती निघणार होती. उत्तरेला, आईबाबांच्या गावी हाकोदातेला, नव्या नोकरीवर. मात्सुयामाच्या सायकल मंडळातली ही दोघं गेली काही वर्षं दर सुट्टीला अशीच डोंगर पालथे घालत. त्यानं एकदा काही बोलावं, एवढीच तिची अपेक्षा होती. त्याच्याही ओठांवर सकाळपासून एक वाक्य होतं. ते चढावर दमून मागे राहत होतं, त्याच्यासारखंच.

"ढकलतोयस?" वरच्या वळणावरून ती ओरडली.

"सायकलला पाय मोकळे करायचेत!"

"आणि सायकलस्वाराला?"

"त्याला संत्र्यांचं ओझं झालंय."

"नाही म्हणायला चांगलं जमतं तुला. मग संत्र्यांनाही नाही म्हणायचंस!"

खिंडीत दोघांनी स्टोव्हवर चहा केला. खाली बागांच्या पायऱ्या उतरत समुद्रापर्यंत गेल्या होत्या. तो म्हणाला, "कानाए..." तिनं पाहिलं. तो म्हणाला, "साखर हवी?"

"हिरव्या चहात?"

उतार कुणालाच लांबवता आला नाही.

स्टेशनावर चिटपाखरू नव्हतं. कर्मचारी नाही, फाटक नाही. एक बाक आणि वाऱ्यानं हलणारं गवत. गाडीला वेळ होता, पण पिशवी रिकामी झाल्याशिवाय सायकल बांधता येत नव्हती. दोघं बाकावर बसून संत्री खाऊ लागली. सोइची एकेक फोड सोलून, तिचे धागे काढून खात होता.

"एवढं निगुतीनं कधीपासून?"

"आजीचा प्रसाद आहे. घाई बरी नव्हे."

कानाएनं आपल्या फोडीचे धागे काढायला घेतले. तीही सावकाश.

तेवढ्यात काठीची घंटी वाजली. पांढऱ्या कपड्यांतला एक म्हातारा यात्रेकरू सावलीला आला. त्याच्या टोपीवर लिहिलं होतं, 'दोघे सोबतीनं'.

"दुसरे कुठे राहिले, आजोबा?" कानाएनं विचारलं.

"या वाटेचे संत, ओदाइशीसान होय? ते इथेच आहेत. दिसत नाहीत म्हणून सोबत सुटते का, पोरी?" आजोबा बसले. मग दोघांकडे पाहून म्हणाले, "आणि तुम्ही? नवरा-बायको?"

गवत हललं. कानाए हातातल्या सालीकडे पाहत राहिली.

"अजून नाही," सोइची म्हणाला.

या वेळी एकदाच. मग तो उठला आणि उरलेली सगळी संत्री त्यानं आजोबांच्या झोळीत ओतली. "घ्या, आजोबा. सेवा आहे. नाही म्हणायचं नसतं."

आजोबांनी हात जोडले. काठी वाजवत ते वाटेला लागले.

"सगळी दिलीस?" कानाए म्हणाली. "आता गाडी चुकायला काही कारणच उरलं नाही."

"चुकवायची नाहीच. एवढा वेळ चुकवत होतो... बोलणं." तो तिच्या सायकलपाशी बसला आणि पुढचं चाक खोलू लागला. "नव्या वर्षाच्या सुट्टीत येतो मी. तुझ्या आईबाबांना सांगून ठेव."

"हाकोदातेत तेव्हा बर्फ असतो. सायकल चालत नाही."

"मग ढकलत येईन. सवय आहे."

ती हसली, आणि हसताना तिला डोळे पुसावे लागले. मागचं चाक तिनं स्वतः खोललं.

गाडी आली. दार मिटताना सोइचीनं खिशात राखून ठेवलेलं एक संत्रं काढून तिच्या हातावर ठेवलं, पान असलेलं. गाडी बोगद्यात शिरली. त्यानं सायकल फिरवली. उजेड होता तोवर खिंड गाठायची होती. ओझं हलकं झालं होतं. चढावर या वेळी तो गुणगुणत होता, बेसूर, आणि वरच्या वळणाकडे पाहत होता, कुणीतरी हाक मारेल तसा.