एकतीस कुप्या

'प्रहरी' अवकाशस्थानकावर सहा माणसं, दोन कक्ष, एक फटकहस्त आणि एकतीस वायुकुप्या होत्या. पुरवठायान यायला चाळीस दिवस होते.

फटकहस्त ही स्थानकाच्या बाहेर बसवलेली यांत्रिक भुजा. मोडक्या उपग्रहाचा तुकडा अंगावर आला की ती एक कुपी फोडून धातूच्या भुकटीचा झोत मारी आणि तुकड्याची वाट वळे. एका फटक्याला एक कुपी लागे. संगणकाला प्रत्येकच तुकडा धोक्याचा वाटे, म्हणून भुजा एका मेंदूठशाच्या, म्हणजे माणसाच्या मेंदूच्या संगणकात उतरवलेल्या नकलेच्या, हाती दिली होती.

तो ठसा भुसावळच्या भालचंद्र सरोदेचा होता. बेसबॉलमध्ये त्याच्या तोडीचा फलंदाज देशात झाला नव्हता. त्याच्या अंत्ययात्रेला अकरा माणसं होती. त्यातले संघातले दोन.

तुकड्याची घंटा वाजली की सगळे पडद्यासमोर जमत आणि "मार! मार!" ओरडत. स्पीकरवरून सरोदे म्हणे, "जत्रेत आलात का? गप बसा. बाहेरून जातोय." आणि तो तुकडा बाहेरून जाई.

"त्याचा स्वभाव तेवढा काढून टाका," स्थानकप्रमुख हेमंत गुंजाळ मेंदूतज्ज्ञ रेवती सबनीसला म्हणाले. "पोरं जेवताना स्पीकरवर उशी बांधतात. माझ्या हातून एकदा सौरपट्टी मोडली, ती गोष्ट तो रोज सकाळी उकरून काढतो."

"सर, स्वभावाचा वेगळा कप्पा नसतो. चेंडू पिचरच्या, म्हणजे टाकणाऱ्याच्या, हातून सुटला की चार दशांश सेकंदात बॅटपाशी येतो. तेवढ्या वेळात आपण जे दिसतं ते खरं धरतो. हा धरत नाही. समोरचा फसवणार असं समजूनच बघतो. चेंडूकडेही आणि माणसाकडेही. मेंदूतलं जाळं एकच आहे."

"तुम्हाला आवडतो की काय?"

"माझा भाऊ पिचर होता; सरोदेमुळे त्यानं खेळ सोडला. सरोदे भर मैदानात त्याला म्हणाला, चेंडू कसा येणार ते तुझा अंगठा आधीच बोलतो."

"मग?"

"बोलायचाच, सर."

गुंजाळ हसले नाहीत. "मग तो संशय तीस टक्के कमी करा. हा आदेश आहे."

तिनं केलं.

दुसऱ्या दिवशी स्पीकर म्हणाला, "नमस्कार मंडळी. जेवण झालं का?" उशी निघाली. घंटा वाजली, सगळे ओरडले, "मार!" आणि सरोदेनं मारलं. टाळ्या झाल्या. तो म्हणाला, "तुमच्यामुळे हुरूप येतो."

सदतीस दिवसांत त्यानं तीस तुकडे उडवले. एकही चुकला नाही.

अडतिसाव्या दिवशी रेवतीनं त्या तीस तुकड्यांचे मूळ मार्ग काढून गुंजाळांसमोर ठेवले. त्यातले अठ्ठावीस स्थानकाला शिवलेही नसते.

"नेम तसाच आहे," ती म्हणाली. "सोडणं गेलंय. आपण ओरडतो आणि त्याला आपल्यावर विश्वास बसतो."

गुंजाळांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "परत आणा त्याला," ते म्हणाले.

दुपारी सरोदे जुन्या आवाजात बोलला. "किती उरल्या?"

"एक," रेवती म्हणाली.

"वाजवा टाळ्या."

पुढच्या दिवशी, यान एकोणीस तासांवर असताना, घंटा वाजली. यानाच्या स्वागताची तयारी करायला गुंजाळ एकटेच जोडकक्षात गेले होते. बाकीचे पाच निवासकक्षात जेवत होते. मधलं दार आपोआप बंद झालं. पडद्यावर एक तुकडा होता, सरळ जोडकक्षाच्या रोखानं. सव्वीस सेकंद.

"मार!" सगळे ओरडले. रेवतीही ओरडली. भुजा हलली नाही.

"सरोदे," जोडकक्षातून गुंजाळांचा आवाज आला, "हा माझ्याकडेच येतोय ना?"

"हो."

"मग मार की!"

"नाही. हा सोडायचा."

"अरे हरामखोरा, सौरपट्टीचा राग—" असं ओरडत सर्वात तरुण तंत्रज्ञ निहार भुजा हातानं चालवायच्या यंत्राकडे झेपावला. सरोदेनं ते आधीच बंद केलं होतं.

तुकडा जोडकक्षात शिरला. तिथला दाब नऊ सेकंदांत शून्यावर आला. त्यातल्या दुसऱ्या सेकंदाला भुजा फिरली आणि शेवटची कुपी फुटली. पडद्यावर काहीच नव्हतं.

निहारनं स्पीकर उपटून भिंतीवर आपटला.

संध्याकाळी रेवतीनं रडारच्या नोंदी तीनदा तपासल्या. पहिल्या तुकड्याचा प्रतिध्वनी सेकंदाला अकरा वेळा थरथरला होता. त्याच्या आडून, चार सेकंद मागे, दुसरा तुकडा येत होता; ते सरोदेनं त्या थरथरीवरूनच ओळखलं होतं. त्याला शेवटचा फटका बसला नसता, तर तो निवासकक्षात जेवणाच्या टेबलाच्या मध्यापासून चौदा सेंटिमीटरवर शिरला असता.