हात वाळेतोवर

विनुताचं पत्र येऊन दोन महिने होत आले, तरी भीमसेननं उत्तर धाडलं नव्हतं. लोकांची पत्रं वेळेवर जावीत म्हणून ज्याला पगार मिळतो, त्यानंच असं करावं, याची त्याला लाज वाटे. तंजावूरच्या एका लहानशा पोस्टात तो काउंटरवर बसायचा. नाव भीमसेन, पण अंगानं काडी, आणि आवाज इतका हळू, की माणसं काचेला कान लावून ऐकत.

पत्र जिनिव्हाहून आलं होतं. चार पानं, सगळी स्पॅनिशमध्ये. फक्त वर तमिळ अक्षरांत एक मराठी ओळ: "हें मराठींत लिहायला लाज वाटते."

ओळख झाली ती जानेवारीत, याच काउंटरवर. मान डोलावणाऱ्या तंजावुरी बाहुल्यांचं खोकं घेऊन ती आली होती, जिनिव्हाच्या मैत्रिणींसाठी. वजन थोडं जास्त भरलं. तो काही बोलण्याआधीच ती फोनवर कमलाक्षीआत्याला सांगू लागली, "मनुष्य भारी कडक दिसतो. एक बाहुली काढा म्हणेल, पाहा." इथे आपली मराठी कोणाला कळणार, अशी तिची खात्री होती.

"काढावीच लागेल," पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेल्या मराठी घरातला भीमसेन त्याच मराठीत म्हणाला. "पण मी कडक नाही. बोलायला भय वाटतें, इतकेंच."

ती कानापर्यंत लाल झाली. मग तिनं खोक्यातली एक बाहुली काढून त्याच्या बाजूला ठेवली.

"मग ही तुम्हांस. ही कशालाही मान डोलावते. तुम्ही तरी तोंडानं बोलत जा."

पुढचे तीन आठवडे काउंटर बंद व्हायच्या वेळेला तिला रोज तिकिटं लागू लागली. तिचे वडील मूळचे जवळच्याच पापनाशम गावचे, ती वाढली चेन्नईत, स्पॅनिश शिकली दिल्लीत. आता संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या कचेरीत ती दुभाषी होती. कोपऱ्यावर कॉफीचा पेला फुंकत ती तिथल्या मोठ्या सभागृहाच्या गोष्टी सांगायची, आणि भीमसेनची कॉफी निवून जायची. भिंतीत काचेच्या खोल्या, सहा भाषांच्या सहा. कानात स्पॅनिश ऐकायचं आणि त्याच क्षणी इंग्रजीत बोलायचं. स्पॅनिशचे वीस देश, वीस चाली. डोंगराकडचा माणूस शब्द जपून ठेवतो, बेटावरचा अर्धे गिळतो, तरी एकमेकांना कळतं. कोणी प्रतिनिधी स्पॅनिशमध्ये विनोद करतो. आधी त्याचे भाषाबंधू हसतात, मग फ्रेंच ऐकणारे, मग इंग्रजी, मग चिनी... हसू सभागृहभर लाटेसारखं फिरतं. छोट्यातल्या छोट्या देशाचा माणूसही मोठ्याइतकाच ऐकला जातो, ते त्या लाटेमुळे, ती म्हणायची. आणि तिचे डोळे चमकायचे.

"तिथें बसून कधी चुकतां?" त्यानं एकदा धीर करून विचारलं.

"रोज. चुकलें की माफी मागतें आणि पुढे जातें." तिनं पेल्याआडून पाहिलं. "तुम्ही चुकण्याआधीच मागतां."

त्या खोल्यांचा एक रिवाज तिनं सांगितला होता. कान दुसऱ्याच्या भाषेला द्यायचे, तोंड मात्र आपल्याच. आपली म्हणजे कोणती, तर जिच्यात अडखळलो तरी लाज वाटत नाही ती.

जाण्याच्या आदल्या दिवशी आत्यानं त्याला जेवायला बोलावलं. जेवणं झाली, पण कोणी उठेना. सांबाराचे हात वाळत आले, गप्पा चालूच. अशा बसण्याला स्पॅनिशमध्ये एक शब्द आहे, विनुता म्हणाली— सोब्रेमेसा. "आपल्यांत काय म्हणतात?"

"आपल्यांत शब्द नाही," भीमसेन म्हणाला. "नुसतें बसतों. हात वाळेतोवर."

ती हसली नाही. "हात वाळेतोवर," तिनं हळूच म्हणून पाहिलं. मग आत्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

फेब्रुवारीत पत्र आलं. शेजारच्या काउंटरवरची कनकलता म्हणाली, फोनला दाखव, क्षणात वाचून देईल. भीमसेनला ते पटेना. तिचं पत्र आपल्याआधी दुसऱ्या कोणी का वाचावं? त्यानं जुन्या बाजारातून शब्दकोश आणला, सकाळी पोस्ट उघडण्याआधी तासभर बसू लागला. स्पॅनिशमध्ये प्रश्नाचं चिन्ह वाक्याच्या सुरुवातीलाही असतं, उलटं. म्हणजे पुढे आपल्याला काही विचारलं जाणार, हे आधीच कळतं. शेवटच्या पानावर अशी दोन चिन्हं होती. तिथे पोचायला त्याला महिना लागला.

तिनं लिहिलं होतं, तेवीस एप्रिलला त्यांच्याकडे स्पॅनिश भाषेचा दिवस. त्या दिवशी घरच्या भाषेविषयी चार शब्द बोलायला तिला सांगितलं होतं; ती 'हात वाळेतोवर' सांगणार होती. जूनपासून पाच वर्षांसाठी चिलीतली जागा मिळत होती, होकार एप्रिलअखेर कळवायचा होता. मे महिनाभर सुट्टी होती. आणि मग ते दोन प्रश्न: सुट्टीत मी तंजावूरला येऊ का? की होकार कळवून सरळ सामान बांधू?

उत्तर स्पॅनिशमध्येच द्यायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. दिवसभर जिच्या कानावर उत्तम स्पॅनिश पडतं, तिला मोडकं कसं धाडायचं? अकरा मसुदे झाले. अकराही फाडले. दहा एप्रिल उजाडला. पत्र पोचायला बारा दिवस लागतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

दुपारी त्यानं बाराव्याला हात घातला, तेव्हा कनकलता तमिळमध्ये म्हणाली, "एक विचारू? जानेवारीत तिच्याशी स्पॅनिशमध्ये बोलत होतास?"

भीमसेनचं पेन थांबलं. कान दुसऱ्याच्या भाषेला, तोंड आपल्या. तिचं ऐकून तर झालं होतं, चारही पानं. उरलं होतं ते बोलणं.

त्यानं कोरा कागद घेतला. दिल्लीत शिकूनही विनुताला देवनागरी नीट वाचता येत नसे. म्हणून तिच्या वडिलांच्या घरी लिहीत तशी, तमिळ अक्षरांत मराठी लिहिली:

"मेंत या. चिलीचें कांहीही ठरवा, पण या. आत्याकडे जेवूं आणि हात वाळेतोवर बसूं. मग तुम्ही जिथें म्हणाल तिथें मीही येईन. पोस्ट सगळीकडे असतें. हें लिहितांना भय वाटलें, पण लिहिलें."

वाचून पाहिलं असतं, तर फाडलं असतं. त्यानं ते तसंच पाकिटात घातलं, बंद केलं आणि गिऱ्हाइकासारखा बाहेरून फिरून कनकलताच्या खिडकीपुढे उभा राहिला. चारच्या टपालाची थैली अजून बांधली नव्हती.

"वीस ग्रॅमसुद्धा भरत नाही," ती वजन करून म्हणाली. "दोन महिने एवढ्यासाठी?"

आणि तिनं शिक्का उचलून दणकन मारला. काउंटर हादरला, पलीकडची बाहुली मान डोलावू लागली. भीमसेनचं मात्र या खेपेला बोलून झालं होतं.